डायर कायदा : चोरी गाडीची, हद्द राज्याची

गाडी एका राज्यात उचलायची, रातोरात शेजारच्या राज्यात न्यायची, नंबर घासून विकून टाकायची. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा धंदा जोरात होता. हद्द ओलांडली की पाठलाग करणारे पोलीस हतबल होत, कारण चोरी हा राज्यांच्या अखत्यारीतला गुन्हा. वॉशिंग्टनला त्यात बोलायची सोय नव्हती.

सेंट लुइसचे खासदार लिओनिडास डायर यांनी वाट काढली. आंतरराज्य व्यापाराचं नियमन राज्यघटनेने केंद्राकडे दिलेलं आहे. मग चोरीला हात न लावता, चोरीची गाडी जाणूनबुजून हद्दीपार नेणं हाच केंद्रीय गुन्हा ठरवायचा! ऑक्टोबर 1919मध्ये कायदा झाला; शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, पाच हजार डॉलरपर्यंत दंड. 1925मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला.

पळवाट मात्र आभाळातून निघाली. मॅकबॉयल नावाच्या इसमाने चोरीचं विमान इलिनॉयहून ओक्लाहोमाला पाठवलं. कायद्यात मोटारी, ट्रक, मोटारसायकली आणि ‘रुळांवर न धावणारं कोणतंही स्वयंचलित वाहन’ असा उल्लेख होता. विमान रुळांवर धावत नाही, हे तर खरंच! पण वाहन म्हटल्यावर सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे जमिनीवरून चालणारीच वस्तू येते, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी 1931मध्ये त्याची शिक्षा रद्द केली. विमानं कायद्यात आली ती 1945मध्ये.

पण या कायद्याची खरी कमाई वेगळीच. मार्च 1934मध्ये जॉन डिलिंजर हा बँकलुटारू इंडियानातल्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून निसटला तो शेरीफबाईंचीच फोर्ड घेऊन, आणि थेट इलिनॉयमध्ये शिरला. बँका लुटल्या तेव्हा ज्यांना त्याच्यावर थेट हात टाकता येत नव्हता, त्या केंद्रीय पोलिसांना या गाडीने निमित्त दिलं. जुलैत शिकागोच्या एका थिएटरबाहेर त्यांनी त्याला गोळ्या घातल्या.

याच डायर यांनी 1918मध्ये, म्हणजे मोटारींच्या आधी, आणखी एक विधेयक मांडलं होतं: कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारणं केंद्रीय गुन्हा ठरवावं. 1922मध्ये कनिष्ठ सभागृहाने ते मंजूर केलं. सिनेटमध्ये दक्षिणेकडच्या सदस्यांनी मात्र ते अडवून धरलं. हा राज्यांचा प्रश्न, केंद्राने त्यात पडू नये, ही त्यांची सबब. मोटारींसाठी जी हद्द सहज ओलांडली गेली, ती इथे आडवी आली. असा केंद्रीय कायदा अखेर 2022मध्ये झाला.