शिक्षकाची मुलाखत : बोर्डी, कोसबाड आणि चारोटी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीला पश्चिमेकडे वळले की डहाणू येते, पूर्वेकडे कासा आणि पुढे जव्हार, तर सरळ उत्तरेला तलासरी. या परिसरातील एखाद्या आश्रमशाळेत किंवा खासगी संस्थेच्या शाळेत मुलाखतीला निघालेला उमेदवार बहुधा याच नाक्यावर उतरतो. त्याच्या फायलीत पदविकेचे प्रमाणपत्र, टीईटीचे गुणपत्रक आणि नमुना पाठाचे टाचण असते. बालमानसशास्त्राचे सिद्धांत आणि शिक्षणहक्क कायद्यातील कलमे त्याने पाठ केलेली असतात. ही तयारी अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु शिक्षकाची निवड आणि शिक्षकाची घडण यांचा जो इतिहास याच तालुक्यांत घडला, तो पाहिला म्हणजे 'तयारी' या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावासा वाटतो.

हा इतिहास १९४५ साली सुरू होतो. त्या वर्षी बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टचे शिबिर भरले होते. त्यात ५३ वर्षांच्या ताराबाई मोडक आणि ३५ वर्षांच्या अनुताई वाघ यांची गाठ पडली. ताराबाई १९१४ च्या पदवीधर. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या होत्या आणि १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार उभारले होते. आता त्यांना बालशिक्षण खेड्यात न्यायचे होते आणि त्यासाठी सोबती हवा होता. अनुताई बालविधवा. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्यावर त्यांनी नाशिक जिल्ह्यात काही वर्षे शिकवले, नंतर पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली आणि रात्रशाळेत शिकून १९३७ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली. पदवी त्यांना पुढे १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मिळाली. म्हणजे बोर्डीच्या ग्रामबालशिक्षा केंद्रात त्या रुजू झाल्या तेव्हा कागदावर मॅट्रिक आणि शिक्षकी पेशाचा अनुभव, एवढेच होते. ताराबाईंनी बहुधा त्यापलीकडचे काही पाहिले असावे. पुण्यातील स्थिर नोकरी सोडून खेड्यात यायला त्या तयार झाल्या, हेच त्यांचे मोठे प्रशस्तिपत्र होते.

परंतु खरी मुलाखत यानंतर झाली, आणि ती मुलांनी घेतली. बालवाडी उघडली तरी मुले येईनात. ती धाकटी भावंडे सांभाळत, शेळ्या-गुरे राखत, आईबापांबरोबर कामावर जात. त्याच वर्षीच्या २३ मे रोजी तलासरीजवळ झरी येथे किसान सभेची परिषद भरली होती. गोदावरी परुळेकरांनी ज्या वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगडी प्रथेविरुद्ध वारल्यांना उभे केले, तिच्याच छायेत येथील मुले वाढत होती. अशा मुलाला 'शाळेत ये' म्हणणे सोपे, येण्याची मोकळीक देणे अवघड. तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी हा शब्द रुजला. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. माँटेसरींच्या महागड्या साहित्याऐवजी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे हाती आले. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावरही अनुताईंनी ते १९९२ पर्यंत चालवले. शिक्षक येथे पहिल्या प्रश्नाला अनुत्तीर्ण झाला, म्हणूनच त्याला दुसरी पद्धत सुचली, असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतरच्या काळात आपली निवडपद्धती वेगळ्या दिशेने गेली. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली, २०१३ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली आणि २०१७ नंतर अभियोग्यता चाचणी व पवित्र पोर्टल आले. मुलाखतीच्या खोलीत ओळख आणि पैसा यांचे वजन किती पडते, याबद्दल महाराष्ट्रात पुष्कळ बोलले गेले आहे. तेव्हा गुणांची यादी गरीब उमेदवाराला न्याय देते, हे मान्य करावेच लागेल. पण त्या यादीला एक गोष्ट दिसत नाही. समोरचे मूल घरी वारली बोलते आणि पुस्तकातील प्रमाण मराठी त्याला परकी वाटते. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर 'जगायला' जातात तेव्हा तेही जाते, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतते. हे उमेदवाराला ठाऊक आहे का, याला कोणत्याही चाचणीत गुण नाहीत.

२०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली गेली, तेव्हा या प्रश्नाला एक उत्तर मिळाले होते. मुलांची भाषा जाणणारा शिक्षक त्यातून मिळणे शक्य होते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील अशाच शंभर टक्के आरक्षणाचा आदेश रद्द ठरवला आणि महाराष्ट्रातील पेसा भरतीही वादात सापडली. या वादात स्थानिक उमेदवारांचा दावा हलका मानता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात पाटी नव्हती, त्यांच्या मुलाने फळ्यासमोर उभे राहणे हेच एक शिक्षण असते. मात्र अनुताई पुणे जिल्ह्यातून आल्या होत्या, हेही विसरता येत नाही. त्या येथल्या झाल्या त्या शिकण्यामुळे. जन्माने मिळणारी जवळीक ही मोठी सोय आहे, पण बाहेरून आलेल्याला ती कमवावी लागते आणि कमवता येते.

आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी अनेक मुले-मुली अशा मुलाखतींना जातात आणि तयारी काय करावी, असे विचारतात. त्यांना सांगावेसे वाटते, की टाचण अवश्य लिहा, पण एक दिवस आधी जा. शाळेच्या पाड्यावर चालत जा. मुले कधी गैरहजर असतात, कोणत्या कामासाठी असतात, ती घरी काय बोलतात, हे एखाद्या आजीला विचारा. आणि मुलाखत घेणाऱ्या संस्थाचालकांनाही एक विनंती करावीशी वाटते. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे उमेदवाराला म्हणण्याची रीत आहे. त्या क्षणी जो पगार आणि राहण्याच्या सोयीबरोबरच मुलांविषयी विचारील, त्याच्याकडे जरा अधिक लक्ष द्यावे. त्याची मुलाखत पुढे मुले घेतीलच.