पुढारीण आणि शेजारीण



नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. त्या आवारात 'बुंगा माई भागो' या नावाची एक जागा आहे. दर्शनाच्या गडबडीत तिकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ही माई भागो कोण, हे ठाऊक करून घेण्यासारखे आहे.

माई भागो ही पंजाबातली. गुरू गोविंदसिंहांना मोगली फौजेने वेढले असता चाळीस शीख त्यांना सोडून घरी परतले, अशी हकीकत शीख परंपरेत सांगतात. माईने त्या चाळीसजणांना खडे बोल सुनावले, स्वतः शस्त्र हाती घेतले आणि त्यांना माघारी आणले. १७०५ साली खिदराणा येथे लढाई झाली. ते चाळीसजण तेथे कामी आले. माई जखमी होऊन वाचली. पुढे गुरूंबरोबर ती दक्षिणेत नांदेडपर्यंत आली. १७०८ मध्ये गुरूंचे येथे महानिर्वाण झाल्यावर ती बीदरजवळच्या जनवाडा गावी राहिली आणि म्हातारपणी तेथेच वारली. म्हणजे आपल्या उदगीर-देगलूरच्या शेजारीच म्हणा ना!

आता मी आपल्याला एक प्रश्न विचारतो. एवढी मोठी बाई आपल्या मुलखात येऊन गेली, त्याने आसपासच्या खेड्यांतल्या बायांचे जिणे किती बदलले? खरे उत्तर द्यायचे तर फारसे नाही. याचे कारण काय? थोर बाईला देव्हाऱ्यात बसवायची आपल्याला सवय आहे. माहूरच्या रेणुकेपुढे आणि तुळजापूरच्या भवानीपुढे आपण लोटांगण घालतो; पण घरी बैल घ्यायचा झाला तर कारभारणीला विचारत नाही. जिची पूजा होते ती उंचावर राहते. 'ती कुठे आणि आपण कुठे' असे म्हणून बायामाणसे पुन्हा चुलीपुढे बसतात.

हैदराबाद मुक्तिसंग्रामातही थोडेफार असेच झाले. जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके घोड्यावरून हिंडून लढल्या. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या इटकूरच्या गोदावरीबाई टेकाळे यांनी रझाकारांशी झुंजताना प्राण ठेवला. शिवाय कितीतरी जणींनी भूमिगतांना भाकरी पोचवली, निरोप पोचवले, घरात आसरा दिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. त्या दिवसाचे स्मरण आपण दरवर्षी करतो. परंतु भाकरी पोचवणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली? लढाई संपली आणि त्या पुन्हा अमक्याची आई, तमक्याची बायको झाल्या.

ही नावाची गोष्ट क्षुल्लक समजू नका. १९५१-५२ साली आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. स्त्रीपुरुष सर्वांना मत मिळाले. तरीसुद्धा देशभरातल्या सुमारे २८ लाख स्त्रिया मतदारयादीतून गळाल्या. त्यांची मुख्य संख्या उत्तरेकडच्या प्रांतांत होती. गळाल्या त्या का? यादी करणाऱ्या माणसाला त्यांनी आपले नावच सांगितले नाही! 'अमक्याची बायको' एवढेच सांगितले. निवडणूक खात्याने ठरवले की नाव नसेल तर मत नाही. कायद्याने दार उघडले. पण उंबरा ओलांडायला जे बळ लागते ते कायद्याच्या पुस्तकात नसते.

मग ते बळ येते कोठून? याचे उत्तर आपल्याच लातूर भागात सापडते, आणि ते फार मोठ्या दुःखातून आलेले आहे.

१९९३ हे साल आठवा. त्या वर्षी २४ एप्रिलला ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. त्यानंतर पाचच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून माणसे नुकतीच झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे अंगावर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली.

पुढे घरांच्या दुरुस्तीचे काम निघाले. पैसा होता, इंजिनिअर होते, नकाशे होते. पण घरोघर समजावून सांगणार कोण? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साह्याने गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना 'संवाद सहायक' नेमण्यात आले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजाराहून अधिक गावांत हे काम चालले.

त्या काय करीत? योजना काय आहे, पैसे कोणत्या हप्त्याने मिळणार, हे त्या शेजारणींना सांगत. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घाला, वरून सिमेंटचा पट्टा बांधा, हे त्या शिकल्या आणि गवंड्याचे काम उभे राहून तपासू लागल्या. पहिल्या दिवशी गवंडी हसला असेल. पण पट्ट्यात लोखंड किती हवे हे जिला कळते, तिला हसून किती दिवस भागणार? कालपर्यंत पदर ओढून भिंतीआड उभी राहणारी बाई ग्रामसभेत हिशेब विचारू लागली. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या बायका तिकडे गेल्या आणि 'आम्ही असे केले' म्हणून तिथल्या बायांना सांगून आल्या.

पहा, बंगालमधून येणारा पुरावाही हेच सांगतो. तेथल्या बीरभूम जिल्ह्यात संशोधकांनी ४९५ गावांची पाहणी केली. तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत दोन निवडणुकांना सरपंचपद बाईकडे राहिले, तेथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयी आईबापांच्या आकांक्षांत जी तफावत असते ती २५ टक्क्यांनी कमी झाली. खुद्द मुलामुलींच्या मनातली तफावत ३२ टक्क्यांनी घटली, आणि शिक्षणातले अंतर तर उरलेच नाही. मुलींचा घरकामात जाणारा वेळही कमी झाला. या मुलींना कोणी नवी नोकरी दिली नव्हती. आपल्यासारखीच एक बाई खुर्चीवर बसलेली त्यांनी पाहिली, आणि एकदाच नव्हे, दोनदा पाहिली.

अर्थात नुसती खुर्ची पुरत नाही, हेही तितकेच खरे. नेपाळचे उदाहरण घ्या. २०१७ च्या तेथील निवडणुकांत प्रत्येक वॉर्डात दोन जागा स्त्रियांना होत्या आणि त्यातली एक दलित स्त्रीला होती. प्रमुख व उपप्रमुख या दोन पदांना पक्षाने उमेदवार दिले तर त्यांत एक स्त्री हवी, असाही नियम होता. झाले काय? बहुतेक ठिकाणी उपप्रमुख बाई झाली. प्रमुखपद मात्र ७५३ पालिकांपैकी केवळ १८ ठिकाणी बाईला मिळाले. आपल्याकडे महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पण सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हा प्रकार आपणही पाहतोच की! 'सरपंचपती' हा शब्द काही नेपाळातून आलेला नाही.

तेव्हा गुरुजनहो, बाईंनो, आपल्याला एक काम सांगतो. ग्रामपंचायतीच्या कचेरीत आजवरच्या सरपंचांच्या नावांचा फलक असतो. एखाद्या दिवशी वर्गातल्या मुलामुलींना तो दाखवायला न्या. त्यांना मोजू द्या: बायांची नावे किती? कुणी राखीव नसलेल्या जागेवरून निवडून आली का? कुणी दुसऱ्यांदा आली का? मग त्यांतली जी गावात असेल तिला शाळेत बोलवा. हार-नारळाचा समारंभ नको. पाण्याची टाकी कशी मंजूर करून आणली, पहिल्या सभेत बोलताना जीभ कशी अडखळली, ते तिला सांगू द्या.

आणखी एक. आपल्या कायद्यात ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती सभा आपल्या गावात होते का, की नुसत्या सह्या फिरतात, याची चौकशी करा. बाईला आपला प्रश्न आधी चारचौघींत मांडता आला, तर पुढे पुरुषांच्या गर्दीत तो मांडणे तिला जड जात नाही.

माई भागोपुढे मस्तक अवश्य नमवावे. पण आपल्या मुलीचा हात धरायला घराशेजारची बाई लागते. आणि त्या बाईचे नाव फलकावर, तिच्या स्वतःच्या नावाने, लिहिलेले असले पाहिजे.