मार्ग मिळाला, विमान कधी? हवाई मालवाहतुकीतील मुदतवाढीचे अर्थकारण

आंतरराष्ट्रीय हवाई मालवाहतुकीच्या व्यवसायात विमान, वैमानिक आणि माल या तिन्ही गोष्टी हाताशी असल्या, तरी उड्डाण करता येतेच असे नाही. त्यासाठी दोन देशांच्या सरकारांची संमती लागते आणि अनेक मार्गांवर ही संमती मोजूनमापून दिलेली असते. आठवड्याला किती फेऱ्या, किती कंपन्या, कोणती शहरे हे सारे करारात नमूद असते. असा मर्यादित हक्क मिळवण्यासाठी कंपन्यांमध्ये मोठी चुरस होते. मात्र हक्क पदरात पडल्यानंतर काही महिन्यांतच तीच कंपनी सरकारदरबारी अर्ज करते, की सेवा ठरल्या दिवशी सुरू करणे शक्य नाही, मुदत वाढवून द्यावी. अमेरिकेच्या वाहतूक खात्यापुढे असे अर्ज वर्षानुवर्षे येत आले आहेत. वरकरणी रूक्ष भासणाऱ्या या कागदपत्रांत लाखो टन मालाचे आणि अनेक कंपन्यांचे भवितव्य दडलेले असते.

हक्क कंपनीचा की देशाचा?

या व्यवस्थेचा पाया ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक करारात आहे. प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूप्रदेशावरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे, हे तत्त्व या कराराने मान्य केले. त्याच्या सहाव्या कलमानुसार कोणतीही नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा संबंधित देशाच्या विशेष परवानगीशिवाय चालवता येत नाही. ही परवानगी देण्याघेण्यासाठी देशादेशांत द्विपक्षीय करार होऊ लागले. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील १९४६ चा बर्म्युडा करार हा त्यांतील आरंभीचा नमुना मानला जातो.

करार सरकारांमध्ये होतो, त्यामुळे त्यातून मिळणारे वाहतूक हक्कही मुळात देशाचे असतात. ते आपल्या कोणत्या कंपनीला द्यायचे हे त्या त्या देशाचे सरकार ठरवते. अमेरिकेत हे काम पूर्वी नागरी विमान वाहतूक मंडळाकडे होते. हे मंडळ १९८४ च्या अखेरीस बरखास्त झाले आणि १९८५ पासून हे अधिकार वाहतूक खात्याकडे आले. ज्या देशांशी 'मुक्त आकाश' करार झाले आहेत, तेथे फेऱ्यांवर बंधन नसल्याने वाटपाचा प्रश्न उद्भवत नाही. जेथे फेऱ्या मोजक्या आहेत, तेथे मात्र एका कंपनीला दिलेली फेरी दुसरीला मिळत नाही. मुदतवाढीच्या वादाचे मूळ येथेच आहे.

चीनचे दार उघडले

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिका-चीन मार्ग. या दोन देशांतील १९८० च्या करारात जुलै २००४ मध्ये मोठी सुधारणा झाली. तोपर्यंत प्रत्येक देशाच्या कंपन्यांना आठवड्याला ५४ फेऱ्यांची मुभा होती. सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने ती २४९ पर्यंत नेण्याचे ठरले. वाढीव १९५ फेऱ्यांपैकी १११ फेऱ्या केवळ मालवाहू विमानांसाठी राखून ठेवल्या होत्या, तर ८४ प्रवासी सेवेसाठी होत्या. शिवाय प्रत्येक देशाच्या आणखी पाच कंपन्यांना या मार्गावर प्रवेश मिळणार होता. मालवाहू कंपन्यांना परस्परांच्या भूमीवर मालाची केंद्रे उभारण्याचीही परवानगी मिळाली.

जागतिक व्यापार संघटनेत २००१ साली प्रवेश केलेल्या चीनमधून त्या वेळी संगणक, भ्रमणध्वनी आणि तयार कपडे यांचा ओघ अमेरिकेकडे सुरू होता. साहजिकच नव्या फेऱ्यांवर कंपन्यांच्या उड्या पडल्या. फेडेक्स, यूपीएस आणि नॉर्थवेस्ट या आधीपासूनच मार्गावर असलेल्या कंपन्यांच्या जोडीला २००४ साली पोलर एअर कार्गो या कंपनीची निवड झाली. यूपीएसने पुढे डिसेंबर २००८ मध्ये शांघायच्या पुडाँग विमानतळावर, तर फेडेक्सने फेब्रुवारी २००९ मध्ये ग्वांगझोऊ येथे आपले केंद्र सुरू केले.

एका साप्ताहिक फेरीचे मोल किती, हे साध्या हिशेबाने कळते. बोइंग ७४७-४०० जातीचे मालवाहू विमान सुमारे ११० टन माल वाहून नेऊ शकते. सावधपणे १०० टन धरले, तरी आठवड्यातील एका फेरीतून वर्षाला एका दिशेने ५,२०० टनांची वाहतूक होऊ शकते. ही फेरी वापराविना पडून राहिली, तर तेवढी क्षमता बाजारात येतच नाही.

नव्वद दिवसांची अट

हक्क अडवून ठेवण्याची प्रवृत्ती बळावू नये, म्हणून वाहतूक खाते मर्यादित फेऱ्यांचे वाटप करताना काही अटी घालते. त्यांपैकी महत्त्वाची अट म्हणजे निष्क्रियतेची. दिलेली फेरी सलग ९० दिवस वापरली गेली नाही, तर ती आपोआप खात्याकडे परत जाते आणि दुसऱ्या कंपनीला देता येते. काही विशिष्ट हंगामापुरत्या चालणाऱ्या सेवांचा अपवाद यात केला जातो. सेवा केव्हा सुरू करायची याचीही तारीख आदेशात नमूद असते.

याशिवाय काही वाटपांत मुख्य कंपनीबरोबर एका पर्यायी कंपनीचीही निवड होते. मुख्य कंपनीने सेवा सुरू केली नाही, तर प्रतीक्षेतील या कंपनीला संधी मिळते. हा पर्यायी हक्कही साधारणतः एका वर्षापुरताच असतो. नव्याने स्थापन झालेल्या कंपनीला आणखी एक बंधन आहे. व्यवसायासाठी योग्य असल्याचा निर्वाळा मिळाल्यापासून एका वर्षात तिने उड्डाणे सुरू केली नाहीत, तर तो निर्वाळा रद्द होतो.

मुदतवाढ म्हणजे या अटींतून काही काळापुरती मिळालेली सूट होय. ती दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात सेवा सुरू करण्याची तारीख पुढे ढकलली जाते. दुसऱ्या प्रकारात आधी सुरू असलेली, पण तूर्त बंद केलेली फेरी कंपनीच्या नावावर कायम ठेवली जाते.

अर्ज कसा चालतो?

ही प्रक्रिया बऱ्याच अंशी न्यायालयीन कामकाजासारखी आहे. अर्ज जाहीरपणे दाखल होतो आणि त्याची प्रत संबंधित कंपन्यांना मिळते. प्रतिस्पर्धी कंपन्या, विमानतळे, शहरांचे लोकप्रतिनिधी आणि कामगार संघटना आपले म्हणणे लेखी मांडू शकतात. अर्जदार त्यावर प्रत्युत्तर देतो. त्यानंतर खाते सार्वजनिक हिताच्या निकषावर निर्णय देते. मोठ्या वाटपाच्या प्रकरणांत आधी तात्पुरता निर्णय जाहीर करून हरकती मागवल्या जातात आणि मग अंतिम आदेश निघतो.

अर्जांत दिली जाणारी कारणे ठरावीक असली, तरी ती सारीच सबबी नसतात. विमान वेळेवर न मिळणे हे त्यांतील एक. एअरबसच्या ए-३८० या महाकाय विमानाच्या मालवाहू आवृत्तीची मागणी फेडेक्सने नोव्हेंबर २००६ मध्ये, तर यूपीएसने मार्च २००७ मध्ये रद्द केली आणि पुढे ती आवृत्ती तयारच झाली नाही. बोइंगचे ७४७-८ मालवाहू विमान मूळ वेळापत्रकापेक्षा सुमारे दोन वर्षे उशिराने, ऑक्टोबर २०११ मध्ये पहिल्या ग्राहकाच्या ताब्यात गेले. विमानेच हाती नसतील, तर मार्ग कितीही आकर्षक असला तरी उपयोग नाही.

दुसरे कारण परदेशी विमानतळावरील वेळेचे. वाहतूक हक्क आणि विमान उतरण्याची ठरलेली वेळ, म्हणजे 'स्लॉट', या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हक्क सरकार देते, स्लॉट विमानतळाच्या यंत्रणेकडून मिळवावा लागतो. मध्यरात्रीनंतर माल गोळा करून पहाटे निघणाऱ्या टपाल-पार्सल कंपनीला दुपारचा स्लॉट मिळाला, तर तिचे सारे वेळापत्रकच कोसळते.

तिसरे कारण मालाच्या स्वरूपात आहे. प्रवासी गेला की बहुधा परततो, माल परतत नाही. चीनमधून अमेरिकेकडे भरून येणारे विमान जाताना बरेचसे रिकामे असते. त्यामुळे इंधन महागले किंवा एका बाजूची मागणी घटली, की मालवाहू फेरी तोट्यात जाण्यास वेळ लागत नाही.

यावर विरोधकांचा युक्तिवादही तितकाच ठोस असतो. वाटपाच्या वेळी ज्या कंपनीने लवकरात लवकर आणि मोठ्या प्रमाणावर सेवा देण्याचे आश्वासन देऊन प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले, तिलाच नंतर सवलत देणे म्हणजे स्पर्धेचे नियम खेळ संपल्यावर बदलणे होय, असे ते म्हणतात. मुदतवाढ सहज मिळू लागली, तर गरज नसतानाही हक्क मिळवून तो केवळ इतरांना मिळू नये म्हणून राखून ठेवला जाईल. त्याची किंमत माल पाठवणाऱ्यांना वाढीव दरांच्या रूपाने मोजावी लागते.

मंदीचा तडाखा

या दोन्ही युक्तिवादांची खरी कसोटी २००८ साली लागली. जुलै २००८ मध्ये खनिज तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत गेला. त्यापाठोपाठ सप्टेंबरमध्ये अमेरिकी वित्तव्यवस्था हादरली. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या आकडेवारीनुसार डिसेंबर २००८ मध्ये जगातील आंतरराष्ट्रीय हवाई मालवाहतूक आदल्या वर्षीच्या तुलनेत २२.६ टक्क्यांनी घटली. संपूर्ण २००९ सालातील घट १०.१ टक्के होती.

प्रवासी मार्गांवर याचे पडसाद लगेच उमटले. यूएस एअरवेजला सप्टेंबर २००७ मध्ये फिलाडेल्फिया-बीजिंग मार्ग मिळाला होता. ही सेवा २००९ मध्ये सुरू व्हायची होती. कंपनीने एक वर्षाची मुदतवाढ मागितली, ती मिळालीही. पण ऑक्टोबर २००९ मध्ये तिने हा हक्कच परत केला. अमेरिकन एअरलाइन्सने शिकागो-बीजिंग मार्गासाठी अशीच सवलत घेतली आणि मे २०१० मध्ये ती सेवा प्रत्यक्ष सुरू केली. एकाच कारणासाठी मिळालेल्या सवलतीचा शेवट किती वेगळा होऊ शकतो, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

मालवाहू क्षेत्रात काही कंपन्यांचे अस्तित्वच संपले. जेमिनी एअर कार्गोने ऑगस्ट २००८ मध्ये काम थांबवले. डेल्टात विलीन झालेल्या नॉर्थवेस्टची मालवाहू विमाने २००९ च्या अखेरीस कायमची उतरवण्यात आली. अशा काळात मुदतवाढ नाकारून फेरी दुसऱ्याला देऊ केली, तरी ती घेण्यास कोणी पुढे येईलच असे नसते. म्हणूनच 'हक्क हवा असलेली दुसरी कंपनी तयार आहे काय' हा प्रश्न निर्णायक ठरतो. दुसरा इच्छुक नसेल, तर सवलत देण्यात सार्वजनिक हिताला बाधा येत नाही.

हानेडाचा धडा

दुसरा इच्छुक असेल तर काय घडते, हे टोकियोच्या हानेडा विमानतळाबाबत दिसले. डेल्टा कंपनीकडे सिअ‍ॅटल-हानेडा मार्गाचा हक्क होता, पण हिवाळ्यात ती दैनंदिन सेवा जवळजवळ बंद ठेवत असे. हक्क टिकण्यापुरती मोजकी उड्डाणे मात्र होत राहिली. अमेरिकन एअरलाइन्सला तोच हक्क लॉस एंजेलिसहून हवा होता. वाहतूक खात्याने डिसेंबर २०१४ मध्ये चौकशी आरंभली. मार्च २०१५ मध्ये हक्क डेल्टाकडेच ठेवला, पण रोज विमान उडवण्याची कडक अट घातली. काही महिन्यांतच डेल्टाने तो हक्क सोडला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची सेवा सुरू झाली. हे प्रकरण प्रवासी सेवेचे असले, तरी त्यातील तत्त्व मालवाहतुकीलाही लागू पडते. कागदोपत्री वापर आणि खरा वापर यांत फरक करण्याचा अधिकार नियामकाकडे असतो.

बंधने उठली, प्रश्न उरला

मे २००७ मध्ये झालेल्या पुढील करारानुसार २०११ पासून अमेरिका-चीन मालवाहू फेऱ्यांची आणि कंपन्यांची संख्यात्मक मर्यादा उठवण्यात आली. फेऱ्याच अमर्याद झाल्याने त्या अडवून ठेवण्याचे कारण राहिले नाही. हक्क दुर्मीळ असतो तोवरच मुदतवाढीला किंमत असते, हे यातून सिद्ध झाले. प्रवासी फेऱ्यांवरील मर्यादा मात्र कायम राहिली. त्यामुळे २०२० मध्ये करोनाच्या साथीने प्रवासी सेवा ठप्प होताच निष्क्रियतेच्या अटीतून सूट देण्याची वेळ पुन्हा आली. त्याच काळात प्रवासी विमानांच्या पोटातून जाणारा माल अडकून पडल्याने मालवाहू विमानांना कधी नव्हे एवढी मागणी आली.

भारतातील चित्र

भारत आणि अमेरिका यांच्यात एप्रिल २००५ मध्ये मुक्त आकाश करार झाला. त्यामुळे अमेरिकी मालवाहू कंपनीला मुंबईला येण्यासाठी मोजक्या फेऱ्यांच्या वाटपात भाग घ्यावा लागत नाही. ज्या देशांशी भारताचे मर्यादित करार आहेत, तेथील हक्क भारतीय कंपन्यांना देण्याचे काम नागरी विमान वाहतूक मंत्रालय करते. मुंबईत मुख्यालय असलेली जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, तेव्हा तिचे वापराविना पडलेले परदेशी हक्क मंत्रालयाने इतर भारतीय कंपन्यांना तात्पुरते दिले. हक्क देशाचा असतो, कंपनी केवळ त्याची वापरकर्ती असते, हे तत्त्व येथेही दिसून आले.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही हा विषय परका नाही. २००७ पासून अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला खुली झाली. हापूसचा हंगाम मोजक्या आठवड्यांचा असतो आणि फळ विमानात जागा मिळेपर्यंत थांबत नाही. एखाद्या मार्गावरील फेरी कागदावर कोणाच्या तरी नावे असणे आणि त्या दिवशी विमान धावपट्टीवर उभे असणे, यांतील अंतर अशा मालाच्या धन्याला सर्वांत आधी कळते.

मुदतवाढीच्या प्रत्येक अर्जावर निर्णय देताना नियामकाला दोन धोके टाळावे लागतात. फार कठोर झाल्यास खऱ्या अडचणीत सापडलेली कंपनी मार्ग गमावते आणि पुढे सेवा देण्यास कोणीच उरत नाही. फार उदार झाल्यास हक्क साठवून ठेवणाऱ्यांचे फावते. म्हणून सवलत द्यायची झाल्यास ती ठरावीक मुदतीची, स्पष्ट कारणावर आधारलेली आणि दुसऱ्या इच्छुकाला आपले म्हणणे मांडू देणारी असावी, हाच आजवरच्या प्रकरणांतून निघणारा निष्कर्ष आहे.