सुखाचा आकडा आणि वसईची बावखलं

दर मार्चमध्ये आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एक वाद ठरलेला असतो. जागतिक आनंद अहवालाची यादी येते, फिनलंड पहिला असतो (2018 पासून हे चालू आहे) आणि भारत शोधायला बरंच खाली जावं लागतं. 2025 मध्ये 147 देशांत आपण 118 वे होतो. मग एकजण म्हणतो, "पैसा नाही ना आपल्याकडे, म्हणून." दुसरा म्हणतो, "पैशाने काय होतंय? गावाकडची माणसं बघ किती सुखात असतात." या दुसऱ्याला गाव सोडून वीस वर्षं झालेली असतात, ते सोडा.

मी विरारचा, त्यामुळे या वादासाठी मला फिनलंडला जावं लागत नाही. गेल्या पाचशे वर्षांत वसईत पैसा दोनदा धो धो आला.

पहिल्यांदा आला तो पोर्तुगीजांबरोबर. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना देऊन टाकली आणि पुढची दोनशे वर्षं ते त्यांचं उत्तरेकडचं मुख्य शहर होतं. आज लोक लग्नाआधीचे फोटो काढायला जातात तो किल्ला म्हणजे हेच शहर. आत सरदारांची दुमजली घरं, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याची तावदानं. दिवसा बाजार भरायचा, पण रात्री तटाच्या आत झोपायची परवानगी फक्त ख्रिस्ती लोकांना. बाकीच्यांनी अंधार पडायच्या आत बाहेर व्हायचं. त्या काळी कुणी वसईचं सरासरी उत्पन्न काढलं असतं तर आकडा झकास आला असता. पण रात्री दरवाजाच्या कुठल्या बाजूला कोण झोपलंय, ते सरासरीला दिसत नाही. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते प्रकरण संपलं.

सरासरीचा विषय निघालाच आहे तर दादाभाई नौरोजींना वगळून चालणार नाही. भारतीय माणसाचं सरासरी उत्पन्न काढायचा पहिला गंभीर प्रयत्न त्यांचा. 1876 मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी ते माणशी वर्षाला साधारण 20 रुपये काढलं. आणि मग तो आकडा ठेवला कशाशेजारी, तर तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राला येणाऱ्या खर्चाशेजारी. कैद्याचा खर्च जास्त निघाला! इतकं थंड डोक्याने केलेलं भांडण मी दुसरं वाचलेलं नाही. वीस रुपयांत सुखी कसं राहायचं यावर त्यांना कुणी प्रवचन दिलं असेल, तर ते कैद्याइतकंही जेवत नसलेल्या माणसाला दिलेलं होतं. तेव्हा "पैशाने सुख मिळत नाही" हे वाक्य मला पोट भरलेल्यांचंच वाटतं.

पोट भरल्यानंतर काय, हा खरा घोळ. रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने 1974 मध्ये दाखवलं की एका देशात श्रीमंत माणूस गरिबापेक्षा सुखी असतो, पण अख्खा देश श्रीमंत होत गेला तरी लोक त्या मानाने सुखी होत नाहीत. स्टीव्हन्सन आणि वुल्फर्स यांनी 2008 मध्ये हे खोडून काढायचा प्रयत्न केला. भांडण अजून मिटलेलं नाही. मला मात्र यात वेगळाच प्रश्न पडतो, आणि तो वसईत पैसा दुसऱ्यांदा आला तेव्हाचा आहे.

वसईच्या गावांत बावखलं असतात. वाडीशेजारी खणलेली गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि समुद्राचं खारं पाणी मागे रेटून धरतं. पूर्वी त्यावर रहाट चालायचे, केळी आणि पानवेली त्यावरच जगायच्या. 1988 नंतर सरकारने इथली जमीन बांधकामाला मोकळी केली, 1990 मध्ये नियोजन सिडकोकडे गेलं आणि जमिनीचे भाव भडकले. इमारती आल्या, नळ आले नाहीत. मग गावांतल्या विहिरींवर पंप बसले आणि टँकर निघाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या दांडगाईविरुद्ध.

आता हिशेब बघा. बावखलातलं पाणी राष्ट्रीय उत्पन्नात शून्य. फार तर केळी विकली तर ती धरतात. तेच पाणी टँकरमधून विकलं की उत्पन्न वाढलं. विहीर मचूळ झाली, लोक बाटलीबंद पाणी घ्यायला लागले, पुन्हा वाढलं. बावखल बुजवून इमारत बांधली तर विचारूच नका. हा आकडा अमेरिकेसाठी तयार करणाऱ्या सायमन कुझनेट्सनेच 1934 च्या अहवालात बजावलं होतं, की यावरून लोकांचं बरं चाललंय की नाही हे ठरवू नका.

इथवर लिहून मी हरित वसईच्या बाजूने टाळ्या घेऊ शकलो असतो. पण आम्ही 1994 मध्ये परळच्या चाळीतून विरारला आलो. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं होतो, इथे वन रूम किचन मिळालं. घरात स्वतःचं संडास आहे म्हणून आई पहिल्या दिवशी रडली होती. बिल्डरने चोवीस तास पाणी सांगितलं होतं, आला टँकर. रात्री अकराला हंडे घेऊन आम्ही रांगेत. पाणी कुठून येतं हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही.

पुढे कॉलेजात वसईच्या एका वाडीतला मित्र मिळाला. त्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हा त्याच्या आजोबांनी विचारलं, "कुठे राहता?" सांगितलं. "कधीपासून?" तेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या विहिरीचं पाणी प्यायलात तुम्ही." रागाने नाही, ओळख निघाल्यासारखं म्हणाले. मला भात घशाखाली जाईना.

आता आमच्याकडे सूर्या नदीचं पाणी येतं, धामणी धरणातून. तो प्रकल्प मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडकडच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी आखलेला. ते पाणी शहरांकडे वळवण्याविरुद्ध तिकडेही आंदोलनं झाली. टँकर बंद झाल्यावर आमच्या सोसायटीने पेढे वाटले होते. मीसुद्धा खाल्ला.