अंडे अडणे (कोंबडी)

तयार अंडे अंडनलिकेत किंवा अवस्करात (विष्ठा व अंडे दोन्ही जिथून बाहेर पडतात ती सामाईक पोकळी) अडकून राहण्याची अवस्था. कोंबडीची सहसा डावी अंडनलिकाच कार्यक्षम असते, त्यामुळे एक अंडे अडले की वाटच बंद होते. नुकतीच अंड्यावर आलेली तलंग, लठ्ठ वा वयस्क कोंबडी आणि दोन बलकांचे मोठे अंडे यांत धोका अधिक.

मूळ बहुधा कॅल्शियमच्या तुटीत असते. एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि अंडे पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच हवे असते. उदाहरणार्थ, सोलापूर हा ज्वारीचा मुलूख. परसातल्या कोंबडीपुढेही ज्वारीच पडते. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास. उकिरडा उकरत हिंडणारी गावठी कोंबडी किडे, खडे टिपून आणि मुळात कमी अंडी घालून निभावून नेते. गच्चीवरच्या खुराड्यात कोंडलेल्या गिरिराज, वनराजा या सुधारित जातींच्या कोंबड्यांना ती सोय नाही. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांपलीकडे जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकते, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि शरीराला वापरता येईल असे कॅल्शियमही कमी होते.

अडलेली कोंबडी पिसे फुलवून बसते, शेपूट खालीवर हलवत कुंथते, खाणे सोडते. कधी पायांतले बळ जाते. पुष्कळदा ती खुडूक (अंडी उबवायला बसलेली) समजून तशीच सोडली जाते. खुडूक कोंबडी हात लावताच फुरफुरते, चोच मारते. अडलेली मलूल असते.

घरगुती उपाय थोडेच. हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात पोटापर्यंत १५–२० मिनिटे बसवावे, मग कोरडी करून शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे. धापा टाकत असेल तर आधी सावलीत निवू द्यावी. अंडे अवस्कराच्या तोंडाशी दिसत असल्यास कडेने थोडे खाण्याचे तेल लावावे. पोट दाबणे, अंडे ओढणे वा आतच फोडणे हे मात्र करू नये: कवचाच्या धारेने नलिका फाटते, किंवा अंग बाहेर येते. काही तासांत सुटका झाली नाही तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तिथे कॅल्शियमचे इंजेक्शन देतात, गरज पडल्यास सुईने अंड्यातील द्रव काढून कवच आकसवतात. दिरंगाईत एक-दोन दिवसांत कोंबडी दगावू शकते.

प्रतिबंधासाठी अंड्यावरच्या कोंबड्यांना ३.५ ते ४ टक्के कॅल्शियमचे लेअर खाद्य द्यावे, किंवा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. गरजेपुरता त्या स्वतःच टिपतात. पिल्लांना मात्र हे खाद्य घालू नये, जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.