मायामी-डेड प्रकल्प : कोठडीऐवजी उपचार

गंभीर मनोविकार असलेल्या आरोपींना कोठडीतून बाहेर काढून वस्तीतल्या उपचारांकडे नेणारी, अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील मायामी-डेड काउंटीची न्यायालयीन व्यवस्था. न्यायाधीश स्टीव्हन लाइफमन यांनी ती २००० साली सुरू केली.

तिचे मूळ एका किरकोळ खटल्यात आहे. सुनावणीआधी आरोपीचे आईवडील लाइफमन यांना भेटले. मुलगा हार्वर्डला शिकलेला मनोविकारतज्ज्ञ. स्किझोफ्रेनियाने त्याला रस्त्यावर आणले होते. त्याला उपचार मिळवून द्या, अशी त्यांनी विनवणी केली. कोर्टात तो आधी नीट, मुद्देसूद बोलत होता. आईवडिलांचा विषय निघाला आणि तो ओरडू लागला : माझे खरे आईवडील होलोकॉस्टमध्ये मेले, ही सीआयएची माणसे आहेत! खटल्याला सामोरे जाण्याइतकी त्याची मनःस्थिती नाही, असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. मात्र एवढ्या लहान गुन्ह्यात त्याला सक्तीने उपचारांना पाठवण्याचा अधिकार न्यायाधीशांना नव्हता. त्याला पुन्हा रस्त्यावर सोडावे लागले.

हे संकट जुने होते. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. ती रुग्णालये रिकामी होत गेली. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सही केलेल्या कायद्यातून गावोगावी उपचारकेंद्रे उभी राहायची होती. त्यांतली बरीचशी झालीच नाहीत. मग रुग्णांना दार उघडे राहिले ते तुरुंगाचे.

प्रकल्पाचे काम अटकेच्या आधीच सुरू होते. मेम्फिस शहरात १९८८ मध्ये आकाराला आलेले चाळीस तासांचे प्रशिक्षण इथल्या पोलिसांना दिले जाते : आवाज चढवायचा नाही, समोरच्याचे बोलणे पुरते ऐकायचे, बेड्यांऐवजी दवाखान्याचा विचार आधी करायचा. २०१० पासूनच्या दशकात अशा पोलिसांनी मानसिक संकटाच्या एक लाखाहून अधिक कॉलना प्रतिसाद दिला. अटका झाल्या दोनशेच्या आत.

अटक झालीच, तर किरकोळ गुन्ह्यातल्या आरोपीला त्याच्या संमतीने एक-दोन दिवसांत तुरुंगातून उपचारकेंद्रात हलवतात. पुढे औषधे, डोक्यावर छप्पर, सरकारी मदतीचे अर्ज, कोर्टाच्या तारखा या सगळ्यांत कोणीतरी सोबत असते. ही सोबत पुष्कळदा स्वतः मनोविकारातून सावरलेल्या माणसाची असते, आणि प्रकल्पातली ही सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. जो स्वतः त्या आजारातून गेला आहे, त्याचा शब्द रुग्णाला पटतो. उपचार नीट चालू राहिले, की आरोप मागे घेतले जातात किंवा सौम्य होतात. २००८ पासून हिंसा नसलेल्या काही गंभीर गुन्ह्यांनाही ही सोय लागू झाली.

किरकोळ गुन्ह्यांतल्या सहभागींमध्ये पुन्हा अटक होण्याचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. काउंटीच्या तुरुंगांतली गर्दी इतकी ओसरली, की एक तुरुंगच बंद करता आला. उपचारांविना काय होते, त्याचाही हिशेब झाला आहे : अवघी ९७ माणसे पाच वर्षांत सुमारे २,२०० वेळा पकडली गेली आणि त्यांचे मिळून २७,००० दिवस तुरुंगात गेले. या सगळ्यावर सरकारी पैसा खर्च झाला, हाती मात्र काही लागले नाही.

तरीही अनेकांना उपचाराचे दार अटक झाल्यावरच उघडते, हा दोष उरतोच. त्याला उत्तर वस्तीतल्या दवाखान्यांनी आणि घरांनी द्यायचे आहे. कोर्ट ते एकटे देऊ शकत नाही.

भारतात मनोरुग्णांच्या तुरुंगवासाचा प्रश्न मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे, असा निकाल १९९३ मध्ये लागला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम १०० नुसार रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती आढळल्यास पोलिसांनी तिला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचे असते. तिला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही.