अगरियांच्या भट्ट्या

मैकल डोंगररांगांत, आजच्या मंडला, डिंडोरी आणि बालाघाट जिल्ह्यांच्या परिसरात राहणाऱ्या अगरिया या आदिवासी जमातीचा परंपरागत व्यवसाय खनिजापासून लोखंड काढण्याचा होता, आणि तिच्या नावाचा संबंधही आगीशीच जोडला जातो. मातीच्या लहानशा भट्टीत लोहखनिज आणि लाकडी कोळसा भरून, कातडे ताणून बसवलेले दोन भाते आळीपाळीने पायांनी दाबले जात आणि दाब सुटताच बांबूला बांधलेली दोरी त्यांना पुन्हा वर ओढी. या भट्टीत लोखंड वितळत नसे. खनिजातील ऑक्सिजन कोळशापासून निघणाऱ्या वायूशी संयोग पावून निघून जाई आणि मळीने, म्हणजे खनिजातील टाकाऊ द्रव्याने, भरलेला सच्छिद्र गोळा मागे उरे, जो तापवून घणाखाली ठोकला की घडाऊ लोखंड हाती येई. खनिज पारखण्यापासून मळीला वाट करून देण्यापर्यंतचे हे सारे शिक्षण घरातच, भात्यावर पाय ठेवून होत असे. लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर या त्यांच्या दैवतांत लोखंड, कोळसा आणि आग या तिन्हींची स्वतंत्र ओळख आढळते, हे या ज्ञानाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे.

मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी 1942 साली या जमातीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तोवर या धंद्याला उतरती कळा लागली होती. बाहेरून येणारे लोखंड स्वस्त होते हे खरे. तरीही मऊ आणि सहज घडवता येणारे अगरिया लोखंड शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरत होते, म्हणून ऱ्हासाचे सगळे खापर बाजारावर फोडता येत नाही. नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या सरकारने भट्ट्यांवर कर बसवला होता आणि राखीव जंगलांमुळे कोळसा दुर्मिळ झाला होता. परिणामी भट्ट्यांची संख्या घटत गेली. पुष्कळ अगरिया बाजारातले लोखंड विकत घेऊन फाळ-विळे घडवणारे लोहार झाले, तर काहींच्या वाट्याला केवळ मजुरी आली.

स्वातंत्र्यानंतर, 1950 पासून, देशात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना सुरू झाली. परंतु तेथील प्रवेश शालेय इयत्तेवर ठरत असल्याने, ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळले त्यांच्या मुलांनाही आधी शाळा पार करावी लागे आणि मग धातुकामाचा पहिला धडा नव्याने गिरवावा लागे.